फिरंगीच्या पात्यावरचा लांडगा

फिरंगी तलवार. मूठ इथली, पातं समुद्रापलीकडचं. 16व्या आणि 17व्या शतकात पोर्तुगीज आणि इतर व्यापाऱ्यांनी आणलेली ही सरळ, लांब युरोपीय पाती इथल्या कारागिरांनी आपल्या मुठीत बसवली. म्हणूनच अशा पात्यावरची, ते कुठे घडलं हे सुचवणारी खूण मोलाची. पण ती बऱ्याचदा नखाला जेमतेम लागेल इतकीच खोल असते, आणि तिच्यावरचा गंज तिच्याहून जाड.

त्यामुळे पहिलं काम गंज काढायचं नाही, बघायचं. खोलीत अंधार करून टॉर्च पात्याला जवळजवळ टेकवून आडवी धरायची. समोरून सपाट दिसणाऱ्या जागी सावल्या उमटतात. चारही बाजूंनी उजेड टाकून चार फोटो घ्यायचे, शेजारी मोजपट्टी ठेवून.

मूठ हलत नसेल तर काढू नये. पातं आत लाखेच्या मिश्रणात बसवलेलं असतं आणि लाख साधारण 80 अंशांच्या आसपास मऊ होते. म्हणून कुणी ज्योत लावतं. लाख जळते, मुठीवरचं सोन्याचं काम खराब होतं. कुणी मूठ गरम पाण्यात बुडवतं. मुठीच्या आत हातासाठी बसवलेल्या गादीत पाणी मुरतं आणि नव्याने गंज सुरू होतो.

आता पातं. कोरड्या ब्रशने सुटी लाल भुकटी झाडायची, पातळ तेल लावून एक दिवस मुरू द्यायचं. मग फुगलेले गंजाचे पोपडे पितळी पट्टीच्या कडेने खरवडायचे. पितळ पोलादापेक्षा मऊ, ओरखडा पडत नाही. त्यानंतर तेलात भिजवलेली 0000 नंबरची, म्हणजे अगदी बारीक, स्टील वूल, नेहमी पात्याच्या लांबीच्या दिशेने. लाल गंज जायला हवा. खालचा घट्ट काळा थर राहू द्यायचा, तो पात्याचं वय आहे. खुणेभोवती दोन बोटं जागा सोडायची. तिथे फक्त भिंग, लाकडी काडी आणि कापूस.

ग्राइंडर किंवा बफिंगचं चाक नकोच. पोलाद 300 अंशांच्या आसपास निळं पडतं, म्हणजे तिथलं पाणी, पोलादाचा कडकपणा, उतरलं. ते परत आणता येत नाही. व्हिनेगर किंवा गंज विरघळवणारं आम्लही नको. कारण या लांडग्याकडे बघा.

छिन्नीच्या पाच-सात घावांत उभा केलेला, कुत्र्यासारखा दिसणारा प्राणी. घावांत पितळाची तार ठोकलेली. आम्ल पितळाभोवतीचं पोलाद खातं, तार सैल होते आणि लांडगा गळून पडतो.

ही खूण मूळची डॅन्यूबकाठच्या पासाऊची. नंतर जर्मनीतल्याच झोलिंगेनच्या कारागिरांनी ती उचलली, म्हणून एकट्या लांडग्यावरून गाव ठरत नाही. त्याच्याजवळ कधी 1414 असा आकडा असतो. ते साल समजू नये. कितीतरी नंतरच्या पात्यांवरही तो सापडतो.

समोरासमोर दोन दातेरी चंद्रकोरी असतील तर ती उत्तर इटलीची खूण, जेनोवाच्या नावाशी जोडलेली. तिची नक्कल जर्मनीत झाली, कॉकेशसमध्ये झाली, आपल्याकडेही झाली. ‘आंद्रेआ फेरारा’ हे इटालियन कारागिराचं नाव तर इतक्या ठिकाणी ठोकलं गेलं की त्याची अक्षरंही जागेवर राहिली नाहीत. अशा वेळी घाव वाचायचे. ठशाच्या खुणेचा तळ दबलेला आणि सगळीकडे सारखा असतो. छिन्नीची रेघ सुरुवातीला खोल असते, शेवटी निमुळती होते. अक्षरं उलटी किंवा तुटक असतील, तर ती लिपी न जाणणाऱ्या हाताने बघून उतरवली असण्याची शक्यता मोठी.

रोमन लिपीतली आय-एच-एस ही अक्षरं म्हणजे येशूच्या नावाचा संक्षेप. 1875-76 मध्ये कोल्हापूरहून इंग्लंडच्या युवराजाला भेट गेलेल्या ‘जगदंबा’ तलवारीच्या पात्यावर, लांबीच्या खाचेत म्हणजे पन्हळीत, ती तीनदा उमटवलेली आहेत. ते पातंही युरोपीयच.

मुठीवर बारीक टिंबांनी देवनागरी अक्षरं असतील तर ती शस्त्रागाराची नोंद. बिकानेरच्या शस्त्रांवर अशा नोंदी पुष्कळ आहेत. पॉलिश केलं की सगळ्यात आधी हीच टिंबं जातात.

शेवटी अॅसिटोनने तेल पुसायचं, हातमोजे घालून मायक्रोक्रिस्टलाइन मेणाचा पातळ हात द्यायचा. चामडी म्यानात पातं परत घालायचं नाही. चामडं ओल धरतं. दोन्ही वेगळी ठेवायची.

एक खूण मात्र अर्धीच दिसते. बाकीची मुठीपासून पात्यावर आलेल्या पट्टीखाली गेली आहे. रिव्हेट काढले तर ती पूर्ण दिसेल, पण पातं इथे कसं बसवलं गेलं याचा पुरावा त्या रिव्हेटमध्येच आहे. पितळाची तार असेल तर क्ष-किरणात दिसू शकते. पट्टी तशीच राहू द्यायची.