विद्यानगरचे गाळे नेमके कुणासाठी?

नमस्कार मंडळी, काय म्हणताय? आज जरा बाजाराबद्दल बोलू, म्हणजे भाजीबिजीचे भाव राहू देत, गाळ्यांबद्दल बोलू. कराडातून कृष्णेचा पूल ओलांडून विद्यानगरच्या रस्त्याला लागलात की नवीन नवीन बिल्डिंगा दिसतात, खाली शटर वर फ्लॅट, आणि त्यातल्या कितीतरी शटरवर एकच पाटी, 'गाळा भाड्याने देणे आहे', खाली मोबाईल नंबर. आता इथल्या कॉलेजांतली पोरं तर एवढी वाढलीत, मग गाळे रिकामे का बुवा?

विद्यानगर काही काल-परवा उगवलेलं नाही. रयत शिक्षण संस्थेचं गाडगे महाराज कॉलेज १९५४ चं, गव्हर्नमेंट इंजिनिअरिंग १९६० चं, तिकडे हायवेच्या अंगाला मलकापुरात कृष्णा मेडिकल १९८४ चं. म्हणजे पोरांच्या जीवावर चालणारा धंदा इथं दोन-तीन पिढ्या चाललाय. मेस, झेरॉक्स, सायकलवाला, नंतर टू-व्हीलरचं गॅरेज, कटिंगचं दुकान. कपडे-चपला घ्यायच्या तर पोरं आजही पूल ओलांडून कराडच्या बाजारपेठेतच जातात, तो भाग वेगळा.

आता इंजिनिअरिंगच्या नाक्यावरचं कुठलंही जुनं स्टेशनरीचं दुकान सबमिशनच्या आठवड्यात बघा. काउंटरला चार लायनी, आणि पोरानं नुसतं "जर्नल" म्हटलं की आतून प्रश्न येतो, "कुठलं डिपार्टमेंट, कुठले सर?" कारण एका सरांना इंडेक्स पुढं लागतो, दुसऱ्यांना रूल्ड पेजेस चालत नाहीत, तिसऱ्यांना स्पायरल बघितलं की राग येतो, आणि हे सगळं त्या दुकानदाराला पाठ. फर्स्ट इयरचा ड्राफ्टर, म्हणजे ड्रॉइंगचं साधन, सेकंडहँड घेणार, पुढच्या वर्षी परत विकणार, वर्कशॉपचा एप्रन साईजप्रमाणे काढून ठेवणार, पैसे नसले तर वहीत नाव लिहिणार. हे काम ऑनलाइन ॲप करत नाही आणि एसी शोरूम तर अजिबातच करत नाही.

आणि नेमकं हेच दुकान नव्या गाळ्यात जाऊ शकत नाही. कारण काय, तर गाळा घेतो कोण? ज्याला दुकान टाकायचंय तो नाही, ज्याच्याकडे पैसे पडलेत तो. जमीन विकलेला, नोकरीतून रिटायर झालेला, पुण्या-मुंबईत असलेला पोरगा. इन्व्हेस्टमेंट म्हणून घेतला, कर्ज काढलं, आता हप्ता निघेल एवढं भाडं पाहिजे, वर तगडं डिपॉझिट. ते भाडं झेपणार कुणाला, तर मोबाईल कंपनीच्या शोरूमला, केक-पिझ्झाच्या फ्रँचायझीला, ब्रँडेड चष्म्याच्या दुकानाला. तेही वर्ष-दीड वर्ष बघतात, जमलं तर ठीक नाहीतर बोर्ड उतरवून मोकळे. मालक मात्र भाडं खाली आणत नाही, कारण एकदा खाली आणलं की गाळ्याची किंमतच खाली येते ना, म्हणून शटर बंद ठेवलेलं परवडतं त्याला. मला हे काही पटत नाही, स्पष्टच सांगतो.

आणि कॉलेजच्या गावात वर्ष बारा महिन्यांचं नसतंच. फर्स्ट इयरचे ॲडमिशन राउंड लांबत लांबत पार ऑगस्टच्या पुढं जातात, मग दिवाळीची सुट्टी, मग परीक्षा, मे महिन्यात तर रस्ता मोकळाच. मेसवाल्या मावशींना विचारा, सुट्टीत भांडी पालथी घालून बसावं लागतं, पण भाडं चालूच. जुने घरमालक यात सांभाळून घ्यायचे, मे-जूनचं अर्धं द्या म्हणायचे. नव्या ॲग्रीमेंटमध्ये अकरा महिने म्हणजे अकरा महिने, वर वाढ वेगळीच.

दुसरी गोष्ट, गाव दिसायला सलग पण कारभार तीन ठिकाणी. कराडची नगरपालिका, मलकापूरची वेगळी नगरपालिका, आणि विद्यानगर सैदापूर ग्रामपंचायतीत. गिऱ्हाईक एकच, ते सकाळी इकडे संध्याकाळी तिकडे. पण पार्किंग कुठं, हातगाडे कुठं लावायचे, हे तिघांनी एकत्र बसून ठरवल्याचं काही दिसत नाही. मग काय, वडापावचा गाडा आज इथं, उद्या हाकलला की पुढच्या कोपऱ्यावर, आणि गाळ्यासमोर गाडी लावायला जागा नाही म्हणून गाळेवाला पण रडतोय.

एक गोष्ट मात्र दुकानदारांनी अजून नीट वापरलेली नाही. राज्याचा दुकानांचा कायदा २०१७ ला बदलला, दारूची वगैरे ठिकाणं सोडली तर दुकान चोवीस तास उघडं ठेवता येतं, कामगाराला आठवड्याची सुट्टी मात्र द्यायची, आणि वीसपेक्षा कमी माणसं असतील तर (२०२५ च्या आधी ही मर्यादा दहाची होती) नोंदणीची भानगड नाही, नुसती सूचना द्यायची. परीक्षेच्या दिवसांत रात्री एकला चहा, प्रिंट, मॅगी मिळाली तर पोरं कुठं जाणारेत?

तर मंडळी, तुमच्यापैकी कुणी कॉलेजच्या बाजूला गाळा घ्यायच्या विचारात असेल तर बिल्डर सप्टेंबरात गर्दी दाखवायला नेईल तेव्हा जाच, पण बुकिंगआधी मे महिन्यातल्या एखाद्या मंगळवारी दुपारी चारला पण तिथं जाऊन उभं राहा. आणि शेजारच्या झेरॉक्सवाल्याला विचारा, भाडं किती झेपतं. तो जो आकडा सांगेल तो धरून हप्त्याचा हिशोब घाला.