प्रतिज्ञेतला पाईक

श्रोतेहो, नमस्कार. आपल्या शाळांत परिपाठाला प्रतिज्ञा म्हटली जाते आणि पाठ्यपुस्तकाच्या सुरुवातीला ती छापलेलीही असते. पण सोलापुरात नववीला मराठी शिकवत असताना, ‘त्या परंपरांचा पाईक होण्याची पात्रता माझ्या अंगी यावी’ यातल्या ‘पाईक’ शब्दाचा अर्थ मी एकदा विचारला, तेव्हा सारा वर्ग गप्प बसला. अखेर मागच्या बाकावरून उत्तर आले, “मालक, सर.”

पाईक म्हणजे पायदळाचा शिपाई, सेवक. मुलाची चूक मला मोलाची वाटली, कारण संस्कृती शिकवताना आपण मोठी माणसेही बहुधा मालकाच्याच थाटात बोलतो. प्रतिज्ञा अभिमान एका वाक्यात उरकते, पात्रतेसाठी मात्र सदैव प्रयत्न मागते. आणि आमच्या वेळापत्रकात त्या प्रयत्नाला तासिका नसते, ती इतिहासाच्या नाहीतर मराठीच्या तासातूनच चोरावी लागते.

ती मी चोरली. मुलांना सांगितले की ही प्रतिज्ञा मुळात मराठी नव्हे. विशाखापट्टणमला कोषागार अधिकारी असलेल्या पैडिमर्री वेंकट सुब्बाराव यांनी १९६२ साली ती तेलुगूत लिहिली. सोलापूरच्या पूर्व भागात विणकरीसाठी आलेल्या पद्मशाली समाजाची तेलुगू घरे पिढ्यान्‌पिढ्या आहेत. त्यांतल्याच एका मुलीला तेलुगू बोलता येई, लिहिता येत नसे, तिने आजोबांकडून मूळ प्रतिज्ञा देवनागरीत उतरवून आणली आणि वर्गापुढे उभी राहून वाचली: “भारतदेशं ना मातृभूमि, भारतीयुलंदरू ना सहोदरुलु.” पहिल्या वाक्याला मुले हसली. दुसऱ्याला कोणीतरी ‘सहोदर’ ओळखला, आणि मग पुढची वीस मिनिटे मला फारसे बोलावे लागले नाही. मराठीत ‘बांधव’ आहे, तिथे तेलुगूत एकाच उदरातून जन्मलेले. आपला ‘देश’, त्यांची ‘मातृभूमी’. यातले जवळचे कोणते, यावर मुले भांडली. व्याकरणाच्या तासाला ती एवढी कधीच भांडली नव्हती.

मागच्या बाकावरचा तो मुलगा शेवटी म्हणाला, “सर, त्यांचं आपल्याकडे आलं, आपलं कुठं गेलंय का?” मी त्याला आपल्याच जिल्ह्यातल्या पंढरपूरच्या नामदेवांचे सांगितले, की त्यांची ६१ पदे शिखांच्या गुरू ग्रंथसाहिबात आहेत.

“मग तिकडं ती वाचतात?” त्याने विचारले.

“गातात,” मी म्हणालो.