9 जिंकल्या, 3 हरल्या, आणि कोचला नारळ

नमस्कार मंडळी! आधी एक साधा हिशोब. तुमची टीम सीझनला 12 मॅच खेळली, 9 जिंकली, 3 हरली. कोचला काय द्याल? पगारवाढ द्याल, निदान पाठ तरी थोपटाल. अमेरिकेत नेब्रास्का नावाचं राज्य आहे, तिथे अशा कोचच्या हातात नारळ ठेवला. आणि एकदा नाही, दोनदा, अकरा वर्षांच्या अंतराने, आणि दोन्ही वेळा रेग्युलर सीझनची शेवटची मॅच जिंकल्यावर एकदोन दिवसांत.

आजचा विषय तोच. कॉलेज फुटबॉलच्या हेड कोचकडून फॅन्सना नक्की हवं काय असतं?

फुटबॉल म्हणजे आपला पायाने खेळायचा नाही हां, तो हेल्मेट घालून एकमेकांवर आदळायचा. आणि कॉलेजची टीम म्हटल्यावर तुमच्या डोळ्यासमोर आपलं इंटरकॉलेज आलं असेल, म्हणजे पीटीचे सर, तीन मित्र आणि मैदानात फिरणारं एक कुत्रं, तर ते आधी पुसून टाका. नेब्रास्का युनिव्हर्सिटीची टीम, नाव कॉर्नहस्कर्स, म्हणजे मक्याची कणसं सोलणारे. गाव लिंकन. अख्ख्या राज्याची लोकसंख्या वीस लाखाच्या आसपास, आणि राज्यात एनएफएलची, म्हणजे प्रोफेशनल फुटबॉलची एकही टीम नाही. त्यामुळे सगळं प्रेम, सगळा राग, सगळा इगो एकाच टीमवर. त्यांचं मेमोरियल स्टेडियम 1962 पासून घरच्या प्रत्येक मॅचला सोल्ड आउट आहे. तिथले लोक अभिमानाने सांगतात की मॅचच्या शनिवारी ओमाहा आणि लिंकननंतर राज्यातलं तिसरं मोठं शहर म्हणजे आमचं स्टेडियम. 2023 मध्ये तिथे बायकांची व्हॉलीबॉल मॅच ठेवली तर 92,003 लोक आले, व्हॉलीबॉलला! गेटवर लिहिलंय की इथून कॉलेज फुटबॉलचे सगळ्यात ग्रेट फॅन आत जातात. आणि ही नुसती फुशारकी नाहीये, बाहेरची टीम जिंकून निघाली तरी हे लोक उभे राहून टाळ्या वाजवतात.

मग इतके सभ्य लोक कोचच्या मागे असे हात धुवून का लागतात?

त्यासाठी टॉम ऑस्बोर्न हा माणूस समजून घ्यायला लागेल. 1973 ते 1997, पंचवीस वर्षं हेड कोच. 255 विजय, 49 पराभव, 3 ड्रॉ. आणि पंचवीस वर्षांत एकही सीझन असा नाही की 9 पेक्षा कमी मॅच जिंकल्या. एकही नाही! आता विचार करा, 1973 ला जन्मलेलं पोर पंचविशीचं होईपर्यंत त्याने घरात 9 च्या खालचा आकडा ऐकलेलाच नाही. त्याच्यासाठी 9 म्हणजे यश नाही, ती घराची फरशी आहे. फरशी आहे म्हणून कोणी आनंदाने नाचतं का? ती असतेच.

पण हे फॅन ऑस्बोर्नवर खूश होते असं वाटतंय ना तुम्हाला? अजिबात नाही. पहिली पाच वर्षं तो ओक्लाहोमाकडून दरवर्षी हरला, सलग पाच, आणि ओक्लाहोमा म्हणजे पक्का दुश्मन. लोक म्हणायचे हा पोरासोरांना हरवतो, मोठी मॅच आली की गळपटतो. मग जानेवारी 1984 ची ऑरेंज बोल (बोल म्हणजे रेग्युलर सीझन संपल्यावरची मानाची मॅच), समोर मायामी, शेवटच्या मिनिटाला टचडाउन, म्हणजे त्यांचा गोल समजा, करून स्कोअर मायामी 31, नेब्रास्का 30. तेव्हा ओव्हरटाइम नव्हता, टचडाउननंतर मिळणारी साधी किक मारली असती तर एक पॉइंट आणि मॅच ड्रॉ, आणि ड्रॉ झाली असती तरी नंबर वन बहुतेक नेब्रास्काच राहिली असती. ऑस्बोर्न म्हणाला नाही, जिंकायलाच जाऊ, दोन पॉइंटचा पास टाकला, मायामीच्या पोराचा हात लागला, पास गेला वाया आणि टायटल गेलं. पहिली नॅशनल चॅम्पियनशिप त्याला मिळाली 1994 ला. बाविसाव्या सीझनमध्ये! आज कुठल्या कोचला बावीस वर्षं देतात सांगा मला, इथे बावीस मॅच नीट देत नाहीत. मग 1995 आली, 1997 आली आणि हा माणूस टॉपवर असताना रिटायर झाला. आज तिथे त्याचा पुतळा आहे आणि कुरकुर करणारे सगळे म्हणतात आम्ही तर पहिल्यापासून त्याच्या बाजूने होतो.

आता त्याच्या जागी बसायचंय, कोण बसणार?

फ्रँक सोलिच बसला. ह्याच युनिव्हर्सिटीकडून खेळलेला, एकोणीस वर्षं ऑस्बोर्नच्या हाताखाली असिस्टंट. सहा सीझन, 58 विजय 19 पराभव, 1999 ला कॉन्फरन्स, म्हणजे टीम ज्या गटात खेळते ती लीग, जिंकली, 2001 च्या सीझनला नॅशनल फायनलपर्यंत गेला. पण फायनलला मायामीने धुतलं आणि पुढच्या वर्षी रेकॉर्ड 7-7. सलग 33 सीझन निदान 9 मॅच जिंकायची परंपरा ह्याच्या हातात तुटली. 2003 ला गडी सावरला, 9-3, शुक्रवारी कोलोरॅडोला हरवलं आणि शनिवारी घरी पाठवला. अॅथलेटिक डायरेक्टरचं, म्हणजे युनिव्हर्सिटीच्या खेळप्रमुखाचं, म्हणणं काय तर आम्ही सुमार होणार नाही.

आणि मग जे झालं ते, काय बोलायचं. एनएफएलमधून बिल कॅलहन आणला, पहिल्याच वर्षी 5-6, म्हणजे 1961 नंतरचा पहिला लूझिंग सीझन.

त्याच्यानंतर बो पेलिनी. हा माझा आवडता, कारण तापट माणूस. सात सीझन, दरवर्षी 9 किंवा 10 विजय आणि पहिली सहा वर्षं दरवर्षी बरोब्बर चार पराभव, जणू उधारी ठरलेली. आता इथे फॅन्सची बाजू पण ऐका, कारण सगळे व्हिडिओ फॅन्सना शिव्या घालून संपतात आणि ते मला पटत नाही. ते पराभव कसे होते? 2012 ला कॉन्फरन्सच्या फायनलला विस्कॉन्सिनने 70 पॉइंट ठोकले, 70-31. 2014 ला परत विस्कॉन्सिन, 59-24, त्यांच्या एकट्या मेल्विन गॉर्डनने तीन क्वार्टरमध्ये 408 यार्ड पळून काढले आणि चौथ्या क्वार्टरला आरामात बसला. म्हणजे फॅन आकडा बघत नव्हता, तो हरायची पद्धत बघत होता, आणि त्याला जे दिसत होतं ते खरं होतं. शिवाय 2011 ची एक रेकॉर्डिंग 2013 मध्ये फुटली, त्यात पेलिनी फॅन्सना आईबहिणीच्या लेव्हलच्या शिव्या घालतोय, कारण ओहायो स्टेटच्या मॅचला टीम मागे पडली म्हणून लोक लवकर उठून गेले आणि टीम नंतर जिंकली. माफी मागितली त्याने. पुढच्या एप्रिलला प्रॅक्टिस मॅचला मैदानात आला तर हातात चक्क मांजर, कारण ट्विटरवर त्याच्या नावाने चालणाऱ्या खोट्या अकाउंटवर त्याचा मांजरासोबत फोटो होता. लोक खूश! आणि नोव्हेंबर 2014 मध्ये 9-3 वर ह्यालाही नारळ.

पुढचा माइक रायली, सज्जन माणूस, तीन वर्षांत 19 जिंकल्या 19 हरल्या. सज्जनपणाला स्कोअरबोर्डवर जागा नसते हो.

आणि मग स्कॉट फ्रॉस्ट, म्हणजे घरचा मुलगा. नेब्रास्कातच वाढलेला, 1997 च्या चॅम्पियन टीमचा क्वार्टरबॅक, म्हणजे पास टाकणारा मुख्य खेळाडू, आणि कोच म्हणून 2017 ला फ्लोरिडातल्या टीमला 13-0 करून आलेला. अपेक्षांचं काय सांगू तुम्हाला, लोकांना वाटलं ऑस्बोर्नच परत येतोय. पहिल्या सहा मॅच, सहाही हरला. 2021 ला 9 पराभव आणि नऊच्या नऊ दहापेक्षा कमी पॉइंटने, ह्याला काय म्हणायचं. 2022 ला डब्लिनमध्ये 28-17 पुढे असताना ऑनसाइड किक मारली, म्हणजे कारण नसताना छोटी किक मारून बॉल परत मिळवायचा जुगार, फसला आणि 31-28 हरला. मग घरच्या मैदानावर जॉर्जिया सदर्नकडून 45-42. त्याआधी नेब्रास्का घरी 35 पॉइंट केल्यावर कधीच, कधीच हरली नव्हती. दुसऱ्या दिवशी हकालपट्टी. आणि आता ऐका, तीन आठवडे थांबले असते, 1 ऑक्टोबर उजाडला असता, तर त्याला द्यायची रक्कम दीड कोटी डॉलरवरून निम्म्यावर आली असती. थांबले नाहीत. तीन आठवडे धीर धरण्यापेक्षा पंच्याहत्तर लाख डॉलर घालवणं त्यांना स्वस्त वाटलं.

मला विचाराल तर फॅन्सची चूक टीम वाईट खेळतीये हे ओळखण्यात नव्हतीच. चूक ही की 9 विजय मातीतून आपोआप उगवतात असं त्यांना वाटलं, मक्यासारखे. ते उगवत नव्हते. ऑस्बोर्नच्या काळात नेब्रास्काकडे 1969 पासून स्वतःचा फुलटाइम जिमवाला होता, बाकीच्यांनी ते नंतर उचललं. गावागावातली शेतकऱ्यांची दांडगी पोरं स्कॉलरशिपशिवाय टीममध्ये यायची. टीव्हीवर कोण दिसणार हे 1984 पर्यंत एनसीएए, म्हणजे कॉलेजच्या खेळांची देशपातळीवरची संस्था, ठरवायची आणि नेब्रास्कासारख्या मोजक्या टीम जास्त दिसायच्या, सुप्रीम कोर्टाने ते मोडलं, मग टेक्सासचा पोरगा म्हणणार मला घराजवळ राहून टीव्हीवर दिसता येतंय, त्या थंडीत कशाला मरायला जाऊ. एका टीमला देता येणाऱ्या स्कॉलरशिपची मर्यादा 105 वरून 95, मग 85. 2011 ला कॉन्फरन्स बदलली आणि टेक्सासमध्ये जाऊन खेळणंही जवळपास बंद. एकेक खिळा निघत गेला, फरशी तीच आहे असं समजून लोक तिच्यावर उड्या मारत राहिले.

आता मॅट रूल आहे. 2024 ला त्याने 7-6 केलं आणि 2015 नंतरची पहिली बोल मॅच जिंकून दिली. सातवर लोक नाचले! ज्या आकड्यावर सोलिचचा घात सुरू झाला त्याच आकड्यावर.

आणि तो सोलिच? तो ओहायो युनिव्हर्सिटीला गेला, छोटी जागा, सोळा सीझन टिकला, त्या कॉन्फरन्सच्या इतिहासात सगळ्यात जास्त मॅच जिंकणारा कोच झाला. एप्रिल 2024 ला रूलच्या टीमच्या प्रॅक्टिस मॅचला नेब्रास्काने त्याला लिंकनला बोलावून सन्मान केला. वीस वर्षं लागली.

चला, तुमच्या मते पेलिनीला ठेवायला हवं होतं का, खाली लिहा. आणि मांजरावाल्या गोष्टीसाठी तरी एक लाइक मारा.