उपमा कुणी लिहिला नाही

सकाळचे साडेआठ. मेडिसिन वॉर्ड, खाट नंबर ११. मावशी नाश्त्याची ताटली उचलतात. उपम्याचे दोन घास गेलेत, बाकी तसाच. केसपेपरवर ताप, बीपी, लघवी, सगळं आहे. उपमा कुणी लिहिलेला नाही.

आजींच्या हातातली बांगडी पाहा. हात उचलला की थेट कोपरापर्यंत घसरते. डाएटिशियन आधी तीच पाहतात, मग काटा मागवतात. वजन ४२ किलो, उंची १५२ सेंटिमीटर, म्हणजे बीएमआय, उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, १८.२.

“दिवाळीत किती होतं?”

“अठ्ठेचाळीस भरलं होतं,” मुलगी सांगते.

चार महिन्यांत सहा किलो, साडेबारा टक्के. कुपोषणाचा धोका मोजणाऱ्या ‘मस्ट’ नावाच्या तपासणीत कमी बीएमआयचे २ गुण, घटलेल्या वजनाचे २. खरं तर एकूण २ झाले तरी धोका मोठा धरतात. काट्यावर उभंच राहता येत नसेल, तर दंडाला टेप लावायची. घेर २३.५ सेंटिमीटरच्या आत असला, तर बीएमआय बहुधा २० च्या खालीच.

“पण सलाईन चालू आहे की!”

असं म्हणणारं कुणीतरी प्रत्येक वॉर्डात भेटतं. साध्या सलाईनमध्ये मीठ आणि पाणी, कॅलरी शून्य. पाच टक्के ग्लुकोजच्या अर्ध्या लिटरच्या बाटलीत २५ ग्रॅम ग्लुकोज. त्यात एक भाकरीही भरून निघत नाही.

वजन उतरलेल्या रुग्णाला धोका जास्त, हे काही नवं नाही. १९३६ साली क्लीव्हलंडच्या हायरम स्टडली या सर्जनने पोटातल्या अल्सरच्या ऑपरेशनचे रुग्ण तपासले. ज्यांचं वजन आधीच २० टक्क्यांहून जास्त उतरलं होतं, त्यांच्यातले ३३ टक्के दगावले, बाकीच्यांत ३.५ टक्के.

मग आजींना आजच भरपूर खाऊ घालायचं? नाही. उपाशी शरीरात एकदम अन्न गेलं की रक्तातलं फॉस्फेट झपाट्याने उतरतं, हृदयाची लय बिघडू शकते. आधी बी-वन जीवनसत्त्व, फॉस्फेट-पोटॅशियमची तपासणी, आणि सुरुवात दिवसाला साधारण ४०० कॅलरींनी. मग रोज थोडं वाढवत न्यायचं.

न्यूमोनियाने भूक मारली होतीच. पण डाएटिशियन तोंडात डोकावतात आणि विचारतात, “आजी, कवळी कुठंय?”

घरी. फडताळात.

दुपारी मुलगी कवळी घेऊन येते. संध्याकाळी वाटीभर मऊ खिचडी, वर तूप, शेजारी दही. ताट उचलण्याआधी मावशी सिस्टरना हाक मारतात, “अकरा नंबरची अर्धी गेली हो!”

सिस्टर केसपेपर ओढतात.