इंजिन लाईट लागली, स्कॅनरवर पी ०२९९ आला? लगेच टर्बो बदलू नका

नमस्कार मंडळी! समजा साताऱ्यातून कासला निघालाय, गाडी भरलेली आहे, यवतेश्वरचा घाट लागला आणि मधेच गाडी ओढायचीच बंद झाली, पाय पूर्ण दाबला तरी पिकअप नाही आणि मीटरमध्ये पिवळी इंजिन लाईट. घाबरू नका. लाल ऑइलची लाईट लागली किंवा टेंपरेचर लाल पट्ट्यात गेलं तर मात्र गाडी बाजूला घ्यायची आणि इंजिन बंद करायचं, एक किलोमीटर पण पुढं जायचं नाही. पेट्रोल गाडीत पिवळी लाईट लुकलुकत असेल तर मिसफायर होतोय, म्हणजे सिलिंडरमध्ये पेट्रोल नीट जळत नाही, तशीच दामटली तर धूर साफ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर जातो आणि तो लय महाग आहे.

पण आपली डिझेल एसयूव्ही आहे, लाईट स्थिर आहे, नुसती पॉवर गेलीय. ही पॉवर बऱ्याचदा ईसीयूनंच, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरनंच, कमी केलेली असते, इंजिनला इजा होऊ नये म्हणून, ह्याला लिंप मोड म्हणतात. हळूहळू घरी या.

आता स्टेअरिंगच्या खाली, डॅशबोर्डच्या आतल्या बाजूला १६ पिनचं सॉकेट असतं, तिथं ओबीडी स्कॅनर, म्हणजे गाडीचे फॉल्ट कोड वाचणारं यंत्र, लावायचा, ब्लूटूथवाला छोटा असला तरी इंजिनचे कोड वाचता येतात. आला कोड, पी ०२९९. पी म्हणजे इंजिन-गिअरबॉक्सची बाजू. पुढचा शून्य म्हणजे हा सगळ्या कंपन्यांत सारखा कोड, पण तिथं १ असता तर तो त्या कंपनीचा स्वतःचा, म्हणून महिंद्राच्या पी १ कोडचा अर्थ टाटाच्या गाडीला लावू नका.

पी ०२९९ म्हणजे अंडरबूस्ट. टर्बो इंजिनमध्ये हवा दाबून भरतो, त्या हवेच्या प्रेशरला बूस्ट म्हणतात. ईसीयूनं जेवढं हवेचं प्रेशर मागितलं तेवढं सेन्सरला दिसलं नाही, बास, एवढंच! टर्बो गेलाय असं त्यात कुठंही लिहिलेलं नाही, आणि तरी लोकांना सरळ टर्बोचं कोटेशन दिलं जातं, ह्याचा मला खरंच राग येतो कारण घरातला महिन्याचा सगळा हिशोब त्यात कोलमडतो.

कोड लगेच डिलीट करू नका. आधी फ्रीज फ्रेम बघा, कोड पडला तेव्हा आरपीएम किती, इंजिनवर लोड किती, स्पीड किती, हे तिथं सेव्ह असतं आणि डिलीट केलं की तेपण जातं. घाटात, जास्त लोडलाच पडला असेल तर हवा कुठंतरी लीक होतेय का ते पहिलं बघायचं, कारण राजवाडा ते पोवई नाका अशा गावातल्या चालवण्यात बूस्ट फारसा लागतच नाही, लीक लपून राहतं.

इंजिन थंड झाल्यावर बॉनेट उघडा. टर्बोपासून इंटरकूलरपर्यंत (टर्बोची गरम हवा थंड करणारा रेडिएटर) आणि तिथून इंजिनपर्यंत जाड होज पाईप जातात, त्यांचे क्लॅम्प हलवून बघा, खालून हात फिरवा, जॉइंटला ऑइलचा ताजा ओला डाग असेल किंवा चढाला शिट्टीसारखा नाहीतर फुस्स आवाज येत असेल तर तिथंच शोधा. मग एअर फिल्टर, उसाच्या सीझनला शेतातल्या रस्त्यांनी फिरणाऱ्यांचा तर हमखास भरलेला असतो. मग व्हॅक्यूमचे बारीक पाईप, ते तडकतात आणि टर्बोचा ॲक्च्युएटर, म्हणजे बूस्ट कमी-जास्त करणारा भाग, नीट काम करत नाही. मग प्रेशरचा सेन्सर आणि त्याचा कनेक्टर. एवढं सगळं ठीक निघालं की मग टर्बो चेक करायला सांगा, शाफ्टचा प्ले (टर्बोचा दांडा किती ढिला हलतो ते) आणि ॲक्च्युएटर तपासताना समोर उभं राहून बघा.

काम झालं की कोड क्लिअर करा आणि तोच घाट तसाच लोड घेऊन परत चढा, नंतर पेंडिंग कोड, म्हणजे दोष दिसलाय पण अजून पक्का झाला नाही असे कोड, बघा. सपाट रस्त्यावरची ट्रायल ह्या कोडला चालत नाही.

आणि जुनी एसयूव्ही घेणार असाल तर स्कॅनरमध्ये रेडिनेस मॉनिटर, म्हणजे गाडीनं स्वतःच्या तपासण्या पूर्ण केल्यात का ते, पण बघा, बरेचसे अपूर्ण दिसले तर कोड नुकतेच क्लिअर केलेत किंवा बॅटरी काढलेली आहे, मालकाला सरळ विचारा, आणि घाट चढवल्याशिवाय टोकन देऊ नका.