अभियंत्यांचा शनिवार आणि मुलांचे गणित

श्रोतेहो, नमस्कार.

अभियंत्यांच्या व्यावसायिक संस्था नेमके करतात तरी काय, असा प्रश्न मला अनेकदा विचारला जातो. सभा, व्याख्याने, परवान्याच्या नियमांसाठी सरकारदरबारी पाठपुरावा, हे उत्तर खरे असले तरी ते ऐकून कोणाची उत्सुकता वाढल्याचे मी पाहिलेले नाही. म्हणून आज मी अशा संस्थेच्या एकाच उपक्रमाविषयी बोलणार आहे. अमेरिकेत नोकरीला असताना काही वर्षे मी त्यात फेब्रुवारीतला एक शनिवार राबलो. तो उपक्रम म्हणजे सहावी ते आठवीच्या मुलांसाठी भरणारी ‘मॅथकाउंट्स’ ही गणित स्पर्धा.

अमेरिकेत जनतेच्या सुरक्षेशी संबंध असलेल्या आराखड्यावर सही-शिक्का करायचा, तर अभियंत्याला त्या त्या राज्याचा परवाना लागतो. असा पहिला कायदा वायोमिंग राज्याने १९०७ साली केला. या परवानाधारकांची नॅशनल सोसायटी ऑफ प्रोफेशनल इंजिनिअर्स ही संस्था १९३४ साली उभी राहिली आणि पूलबांधणीतले नामवंत अभियंता डेव्हिड स्टाइनमन तिचे पहिले अध्यक्ष झाले. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन पुलाच्या सावलीत लहानाचा मोठा झालेला हा माणूस. पुढे मिशिगन राज्यातला, १९५७ साली खुला झालेला मॅकिनॉक पूल त्यांनी उभारला. याच संस्थेने १९५१ साली अभियंता सप्ताह सुरू केला. पहिले राष्ट्राध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन तरुणपणी भूमापक होते, म्हणून त्यांच्या जयंतीचा, म्हणजे फेब्रुवारीचा, मुहूर्त धरला गेला. मॅथकाउंट्सची स्थापना १९८३ सालची. अभियंत्यांच्या या संस्थेबरोबर गणित शिक्षकांची राष्ट्रीय परिषद आणि सीएनए ही विमा कंपनी हे तिचे संस्थापक होते. विमा कंपनीला गणिताची ओढ का असावी, हे वेगळे सांगायला नको.

शाळेच्या पातळीवरील फेरीनंतर स्पर्धेची स्थानिक फेरी फेब्रुवारीत होते. तेथून मार्चमध्ये राज्य फेरी आणि मे महिन्यात राष्ट्रीय फेरी. राष्ट्रीय फेरीत प्रत्येक राज्यातले पहिले चार विद्यार्थी त्या राज्याचा संघ म्हणून उतरतात. स्पर्धेची मांडणी मात्र मला नीट समजावून सांगायची आहे, कारण अभियंत्यांच्या मनातले गणित तिच्यात उतरलेले आहे.

आरंभी स्प्रिंट राउंड. चाळीस मिनिटांत तीस प्रश्न, कॅल्क्युलेटरशिवाय. म्हणजे एका प्रश्नाला ऐंशी सेकंद. मग टार्गेट राउंड. यात आठ प्रश्न दोन-दोनच्या जोडीने हातात येतात, प्रत्येक जोडीला सहा मिनिटे मिळतात आणि कॅल्क्युलेटर चालतो. येथे एका प्रश्नाला तीन मिनिटे आहेत आणि बरोबर उत्तराला दुप्पट गुण आहेत. त्यानंतर टीम राउंड, ज्यात चार जण एका टेबलाभोवती बसून वीस मिनिटांत दहा प्रश्न सोडवतात. संघाचे गुण काढताना चौघांच्या वैयक्तिक गुणांची सरासरी घेतात आणि तिच्यात टीम राउंडच्या प्रत्येक बरोबर उत्तराचे दोन गुण मिळवतात. आता हिशेब करून पाहा. एका हुशार मुलाने स्प्रिंटमध्ये एक उत्तर जास्त दिले, तर संघाच्या खात्यात पाव गुण पडतो. चौघांनी मिळून एक उत्तर दिले, तर दोन, म्हणजे त्याच्या आठपट. ज्यांच्या कामात एकट्याने कधीच काही उभे राहत नाही, अशा लोकांच्या स्पर्धेला हे शोभते असे मला वाटते.

अभियंत्यांची खरी मेहनत मात्र तपासणीच्या खोलीत चालते. प्रत्येक उत्तरपत्रिका दोघे जण एकमेकांचे न पाहता तपासतात आणि गुण जुळले नाहीत तर पुन्हा मुळापासून पाहतात. आराखडा एकाने करायचा आणि दुसऱ्याने पडताळायचा, या सवयीत आयुष्य गेलेल्या माणसांना हे शिकवावे लागत नाही. त्यांना जड जाते ते निराळेच. या स्पर्धेत अपूर्णांक अतिसंक्षिप्त रूपातच लिहावा लागतो, आणि विचारल्याशिवाय आसन्न किंमत दिलेली चालत नाही. दोन फासे टाकल्यावर बेरीज सात येण्याची संभाव्यता किती, या प्रश्नाला एका मुलाने ‘सहा छेद छत्तीस’ असे लिहिले होते. उत्तर ‘एक छेद सहा’. किंमत तीच, तरीही गुण शून्य. माझ्याबरोबर तपासणारे निवृत्त गृहस्थ, ज्यांनी उभ्या हयातीत पायची किंमत तीन दशांश स्थळांपुढे नेली नसेल, ते त्या कागदाकडे बराच वेळ पाहत राहिले आणि मग त्यांनी नाइलाजाने फुली मारली. नियम चुकीचा आहे असे मी म्हणणार नाही. शेकडो कागद दुपारपर्यंत तपासायचे तर उत्तराचे रूप एकच हवे. पण त्या मुलाला संभाव्यता कळली होती, हेही खरेच.

सभागृह गच्च भरते ते काउंटडाउन राउंडला. पहिल्या क्रमांकांची मुले व्यासपीठावर जोडीजोडीने येतात, प्रश्न पडद्यावर दिसतो, जास्तीत जास्त पंचेचाळीस सेकंद असतात आणि जो आधी बझर दाबेल त्याने उत्तर द्यायचे. त्याचे चुकले, तर उरलेला वेळ समोरच्याचा. पालकांना हा खेळ फार आवडतो. मला तो स्पर्धेचा सर्वांत दुबळा भाग वाटतो. हंगेरीत १८९४ साली शाळा संपवलेल्या मुलांसाठी जी स्पर्धा सुरू झाली, तिच्यात मोजके तीनच प्रश्न आणि विचाराला काही तास असत. विमानविद्येतले थोर अभियंता थिओडोर फॉन कारमान हे तिचे एक विजेते. घाईने बझर दाबणारा तेथे कोठे असता, कोण जाणे. हे माझे मत मी एकदा आयोजकांना ऐकवले, तेव्हा ते म्हणाले की मुलांना टाळ्या मिळण्याची ही एकच जागा आहे. यावर मला काही बोलता आले नाही.

शेवटच्या वर्षी मी याच फेरीला प्रेक्षकांत होतो. प्रश्न असा काहीसा होता: एकशे वीस मीटर लांबीच्या सरळ कुंपणाला दर आठ मीटरवर एक खांब आहे, दोन्ही टोकांनाही खांब आहेत, तर खांब एकूण किती? प्रश्न पडद्यावर पुरता उमटतो न उमटतो तोच मुलाने बझर दाबला आणि तो म्हणाला, “पंधरा.” चूक. समोरच्या मुलीपुढे अर्ध्या मिनिटाहून जास्त वेळ होता आणि तिने तो वापरला. कच्च्या कागदावर तिने एक आडवी रेघ ओढली, रेघेवर तीन टिंबे दिली, टिंबांमधल्या जागा बोटाने मोजल्या, आणि मगच बझरकडे हात नेला. “सोळा.”

माझ्या शेजारी रस्त्यांची कामे करणारे एक वयस्कर अभियंता बसले होते. टाळ्या थांबल्यावर ते माझ्याकडे वाकून हळूच म्हणाले, “माझ्या पहिल्या अंदाजपत्रकात हाच एक खांब राहिला होता.”