पहारा हातातून हातात

नमस्कार श्रोतेहो.

आपल्याकडचा माणूस दिल्लीला गेला की लाल किल्ला पाहतो, कुतुबमिनार पाहतो, करोलबागेत खरेदी करतो आणि रात्रीची नागपूरची गाडी धरतो. माझी एक विनंती आहे. मुक्कामात शनिवारची सकाळ येईल असं बघा आणि राष्ट्रपती भवनासमोरचा पहारेबदलाचा सोहळा पाहून या. नाव आधी ऑनलाइन नोंदवा, ओळखपत्र जवळ ठेवा. वेळ ऋतूप्रमाणे बदलते, ती विचारून घ्या.

घोडे आधी ऐकू येतात, मग दिसतात. मी गेले तेव्हा थंडीचे दिवस होते. राष्ट्रपतींच्या अंगरक्षक दलाचे उंचेपुरे स्वार लाल अंगरख्यात, डोक्याला निळा-सोनेरी फेटा, पायात मांडीपर्यंतचे काळे बूट. हातात भाला आणि त्याला लाल-पांढरी पताका. सगळे घोडे तांबूस तपकिरी, पण तुतारी वाजवणाऱ्याचा घोडा तेवढा पांढुरका. माझ्या समोरच्या एका घोड्यानं जोरात मान झटकली. लगामाची कडी खणकन वाजली. वर भाला तसूभरही हलला नाही! आमच्या गावात पोळ्याला बैल तोरणाखाली स्थिर उभा करताना काय दमछाक होते, ते ज्यांना माहीत आहे त्यांना या स्वाराची किंमत कळेल.

हे दल १७७३ साली वॉरन हेस्टिंग्जनं बनारसला उभं केलं. तेव्हा त्यात फक्त ५० घोडेस्वार होते. आज ही भारतीय लष्करातली सर्वांत ज्येष्ठ रेजिमेंट मानली जाते. हे जवान नुसते शोभेचे आहेत असा समज करून घेऊ नका. ते विमानातून उडी घेणारे छत्रीधारी सैनिक आहेत, आणि या दलानं सियाचीनच्या बर्फातही सेवा केली आहे.

बँड सुरेख वाजतो, कवायत देखणी होते, टाळ्याही पडतात. पण माझी नजर खिळली ती प्रत्यक्ष पहारा बदलताना. जुनी तुकडी आणि नवी तुकडी समोरासमोर उभी राहते. एकमेकींना सलामी होते. नव्या शिपायानं जागा घेतली, जबाबदारी स्वीकारली, की मगच जुना शिपाई पाय उचलतो. मध्ये एक क्षणही ती जागा रिकामी राहत नाही. जागलीला वावरात जाणाऱ्या माणसाला हे वेगळं सांगायला नको. दुसरा येऊन पोचल्याशिवाय पहिला माळ्यावरून उतरत नाही, कारण रोह्यांचा कळप हरभऱ्यात शिरायला तेवढीच फट पुरते. दिल्लीत तीच गोष्ट साऱ्या देशासमोर, वाजतगाजत होते, म्हणून मला ती इतकी आपली वाटली.

आणखी एक. गावागावांत पहाटे डांबरी रस्त्यावर सैन्यभरतीसाठी धावणारी पोरं आहेत, त्यांच्या कानावर हे जरूर घाला. घोडेस्वारांचं दल कायम तेच असतं, पण राष्ट्रपती भवनातल्या पायदळाच्या पहाऱ्याचा मान एकाच रेजिमेंटकडे नसतो. ठरावीक काळानंतर दुसरी पलटण येते. आपल्या कामठीलाच ब्रिगेड ऑफ द गार्ड्स या पायदळाच्या रेजिमेंटचं केंद्र आहे. पायदळात गेलेल्या दारव्ह्याच्या, मूलच्या, रिसोडच्या पोरालाही एखाद्या शनिवारी त्या प्रांगणात उभं राहता येईल.

नमस्कार.